ताई बर्ताळे

मल्लेश्वरम, बंगलोर
१८ जून १९६०

फाटकाची कडी काढून तो मध्येच उभा आहे. आत नाही, बाहेर नाही. मी खिडकीत बसून लिहिते आहे आणि मधूनमधून बघते आहे. मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून वर जागा सोडली आहे.

ज्योतिबा सुखरूप पोचल्याची तार आपल्याला मिळाली असेल. जेवतो. झोपतो. जवळच्या शाळेत दुसरीत नाव घातलं. शाळा कन्नड आहे. निपाणीच्या बाजारात कानावर पडलेलं त्याला थोडं येतं, तेवढं सुरुवातीला चालेल असं हेडमास्तर म्हणाले. मला त्यातलं एक अक्षर येत नाही.

ह्यांचं जर्मनीहून पत्र आलं. कारखान्याने पाठवलेले सगळे एकाच वसतिगृहात आहेत. प्रशिक्षण संपायला पुढचा उन्हाळा उजाडेल. ज्योतिबाबद्दल लिहितात, "तू बघून घेशीलच."

आपण बेळगाव स्टेशनवर सांगितलंत तसं चाललं आहे. सांगितलंत त्याला, पण मी शेजारीच होते. "आई एकच असते बाळा, ती गेली. हिला ताई म्हण." तो ताई म्हणतो. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आपली लेक सुमती गेल्यापासून नातवाला आपणच वाढवलंत. नाताळच्या सुट्टीत आपण येणार, त्याला विचारणार, आणि तो निपाणीला यायचं म्हणाला तर कायमचा घेऊन जाणार, हेही माझ्या लक्षात आहे. ह्यांनी त्याला रुकार दिला आहे. मीही दिला आहे.

फाटकात उभं राहून तो टपालवाल्याची वाट बघतो. पत्र पाठवलंत तर बरं होईल.

हेमलता


२४ जुलै १९६०

आपलं कार्ड आलं. पत्ता त्याच्या नावाने होता. आपली कार्डं लिहून देणाऱ्या भीमाचार्य मास्तरांचं वळणदार अक्षर त्याला अजून लागत नाही, म्हणून मला वाचून दाखवावं लागलं. "ताईला सांग, पोराच्या टाळूवर तेल घालत जा म्हणावं." हे मी मोठ्याने वाचलं. मग तेल घातलं.

इथे खाली घरमालकीण राहतात, कस्तुराबाई. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथल्याच. त्यांची मराठी मला दोनदा ऐकावी लागते. परवा जिन्यात गाठून म्हणाल्या, "हेमलताक्का, पोरगं सारखं फाटकात कशाला हो? स्वल्प बाहेर काढा की त्याला. शनवारी मैदानात पोरं लांडगं होतात. तिकडं सोडा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. बालवीरांत आठ-दहा वर्षांच्या मुलांचा वेगळा गट असतो. त्यांना कब म्हणतात, म्हणजे लांडग्याची पिल्लं. ज्योतिबा वयाने थोडा लहान पडतो, पण घेतात.

चालवतात त्या पद्मावती नावाच्या बाई आहेत. शाळेत गणित शिकवतात. सगळे त्यांना मिस म्हणतात. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मी म्हटलं, मुलाला सोडून जाते, तासाभराने न्यायला येते. तर इंग्रजीत म्हणाल्या, "मी मुलं घेत नाही. घरं घेते. तुम्ही बसायचं." आणि बसायला चटई दाखवली. तिथे आणखी आया होत्या. कुणी स्कार्फ शिवत होतं, कुणी लिंबं पिळत होतं. मला सुतळीचा गुंडा दिला आणि हातभर लांबीचे तुकडे कापायला सांगितले. मुलांना गाठी शिकायला लागतात.

मुलं गोल करून उकिडवी बसली, दोन्ही हात जमिनीला लावले आणि माना वर करून लांडग्यासारखी ओरडली. ज्योतिबा झाडामागे गेला. तो सगळा वेळ झाडामागे होता. निघताना मिसनी त्याच्यापुढे डावा हात केला. ही त्यांची जगभरची रीत आहे. भेटताना डावा हात द्यायचा, तो काळजाच्या बाजूचा म्हणून. ज्योतिबाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"डाव्या हातानं? आजी चिमटा काढती."

मिसनी मला विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं, लाजतो.

घरी येताना त्याने विचारलं, "ती पोरं खरीच चावत नाहीत ना?" मी म्हटलं नाही. "मग ओरडतात कशाला?" पण पुढच्या शनिवारी जायचं का विचारलं तर नको म्हणाला नाही.

इथली माणसं आदबशीर आहेत. भाजीवाला मला ताई म्हणतो. बसचा कंडक्टरही म्हणाला. पुण्यात मला कुणा परक्याने ताई म्हटलेलं आठवत नाही. इथे सगळ्या बायकांना बहीण मानायची पद्धत दिसते.

हेमलता


२८ ऑगस्ट १९६०

कार्ड पोचलं. त्याला वाचून दाखवलं, एक ओळही गाळली नाही. "माणसाच्या पोटी जन्मलास, लांडगा कशापायी होतोस? आन् डाव्या हातानं कुणाला भेटू नगंस. ताईला सांग, हे तिला दिसत न्हाई काय म्हणावं." मास्तर आता तुमचं बोलणं दुरुस्त न करता लिहितात असं दिसतं. मला ते आवडलं.

दिसतं मला. पण मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानेच तोड काढली. मिसना डावा हात देतो आणि घरी आला की साबण लावून धुतो. गेल्या शनिवारी कस्तुराबाई नळावर होत्या. म्हणाल्या, "काय रे, लांडग्याला विटाळ झाला काय?" तो म्हणाला, "आजीला चालत नाही, मिसला चालतं. दोघींचं ठेवायला लागतं."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

खाकी कापड चिकपेटेतून आणलं. तो बरोबर आला होता. दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलला, मी नुसती उभी. चड्डी मी शिवली, टोपी आणि स्कार्फ त्यांच्याकडूनच मिळतात, पण गटात सामील होण्याचं वचन घेतल्यावर. तोवर खाकीवर गळा मोकळाच ठेवायचा. बाकी मुलांच्या स्कार्फच्या टोकाला सकाळी एक गाठ असते. दिवसभरात कुणासाठी तरी एक चांगलं काम करायचं, मगच ती सोडायची. ह्याला स्कार्फ नाही, म्हणून हा रुमालाला गाठ मारतो.

मंगळवारी त्याने कस्तुराबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आत नेऊन ठेवल्या. आभाळ आलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण मिसनी सांगितलं आहे की करायचं पण बोलायचं नाही. कस्तुराबाईंनी वर येऊन पाहिलं तर मिरच्या नाहीत. गल्लीभर आरडाओरडा. "कोण गे ती भवानी, माझ्या मिरच्यांवर डोळा ठेवणारी!" पोलिसापर्यंत गोष्ट गेली असती. तो आमच्या दारामागे घाम पुसत उभा, हातात रुमाल, गाठ सुटलेली. शेवटी मी बोलले. पाऊस पडलाच नाही. मिरच्यांना सांदीतला कुबट वास लागला. कस्तुराबाईंनी त्याला त्याच मिरच्यांची चटणी घालून भाकरी खाऊ घातली, "खा, पुण्यवान," म्हणून.

जूनमध्ये लिहिलं होतं की तो फाटकात टपालवाल्याची वाट बघतो. तसं नव्हतं. तो ट्रंक घेऊन उभा राहत असे. रोज शाळेतून आला की ट्रंक ओढत खाली न्यायचा आणि अंधार पडला की परत आणायचा. आता ती ट्रंक खाटेखाली गेली आहे. मी सारलेली नाही.

हेमलता


९ ऑक्टोबर १९६०

हे पत्र तुम्हाला लिहावं की नाही याचा रात्रभर विचार केला. दुसरं कुणी नाही ज्याला लिहावं.

काल तो मैदानावरून आला आणि हात न धुता खाटेवर पालथा पडला. चटईवर बसून मी जे पाहिलं ते असं. मिस प्रत्येक मुलाला विचारत होत्या, वचन घ्यायच्या दिवशी गळ्यात स्कार्फ कोण बांधणार. घरच्याच कुणी बांधायचा असा त्यांचा नियम आहे. ज्योतिबाला त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. तो म्हणाला, "ताई बर्ताळे." म्हणजे ताई येते. एवढं मला आता कळतं. मिस हसल्या, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

मग मुलांत काहीतरी सुरू झालं. ज्योतिबा मोठमोठ्याने सांगत होता, मुलं हसत होती. हसून हसून एक जण गवतावर आडवा झाला. ज्योतिबाने त्याला लाथ मारली. मिसनी शिट्टी वाजवली. मी धावले.

मला काही कळेना. घरी कस्तुराबाईंनी उलगडून सांगितलं. आधी त्यांनाही हसू आवरेना.

"अहो अक्का, तुम्हाला ठावं नाही? कानडीत तायि म्हणजे आई! पोरगं काय म्हणालं असंल माहितीय? 'ती माझी अम्मा नाही, तायि आहे.' म्हणजे काय झालं? ती माझी आई नाही, आई आहे! पोरं हसणार नाहीत तर काय करतील?"

मी पायरीवर बसले.

म्हणजे चार महिने तो ताई म्हणतो तेव्हा रस्त्यावरचं प्रत्येक माणूस दुसरंच ऐकत होतं. भाजीवाला मला बहीण म्हणत नव्हता. मिसना तर पहिल्या दिवसापासून हा आपल्या आईला हाक मारतो असंच वाटतं आहे. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, तुमचा मुलगा फार जुन्या वळणाचं बोलतो, हल्ली घरात असं कुणी म्हणत नाही. मी हो म्हणून मान हलवली होती.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "पुण्यात ताई म्हणजे काय?"

"मोठी बहीण."

"निपाणीत?"

"तेच."

"मग इथं असं का?"

"इथली भाषा वेगळी आहे."

"आजीला येती की इथली भाषा."

मी भात वाढला. तो जेवला नाही.

म्हणून विचारते. तुम्हाला कन्नड येतं. निपाणीच्या बाजारात तुम्ही कन्नडमध्ये बोलता हे ह्यांनी मला सांगितलं आहे. हा शब्द तुम्ही निवडलात. रागाने विचारत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

हेमलता


१३ नोव्हेंबर १९६०

कार्ड आलं. त्याला वाचून दाखवलं. "ताईला सांग, माझं कानडी बाजारापुरतं. घरच्या शब्दाला बाजारातला अर्थ लावत बसायचं नसतंय. मला कुठलं सुचायला एवढं? तोंडाला आलं ते बोलले." त्याखाली मास्तरांनी लिहिलं आहे की तुम्ही डिसेंबरात त्या वचनाच्या समारंभाच्याच वेळी याल, आणि त्याची निघायची तयारी करून ठेवावी.

तयारी ठेवते.

तोवर तुम्हाला इथली स्थिती माहीत असावी. तो मला आता काहीच म्हणत नाही. महिना होऊन गेला. अहो-जाहो करत बोलतो, भांडत नाही, सांगितलेलं ऐकतो. फक्त हाक मारत नाही. मी दुसऱ्या खोलीत असले तर चालत येतो आणि माझं लक्ष जाईपर्यंत उभा राहतो. एकदा दूध उतू जात होतं तरी हाक मारली नाही. स्वयंपाकघरातून धावत आला, माझा पदर ओढला, परत धावला. परवा गच्चीवरून "अहो ऐकलंत का" असं ओरडला. कस्तुराबाई खालून म्हणाल्या, "बघा, नवरा जर्मनीला गेला आणि हा दुसरा सुरू झाला." तेव्हापासून तेही बंद.

आई म्हणायचं नाही, ते तुम्ही सांगितलं आहे. ताई म्हणावं तर मैदानावर तो आईच म्हणतो आहे असं होतं. काकू, मावशी मी सुचवून पाहिलं. म्हणाला, "तुम्ही मावशी कुठं आहात?" बरोबर आहे. मी नाही.

तुमच्याकडे एक मागणं होतं. त्याला दुसरा एखादा शब्द सांगा. कुठलाही. तुम्ही सांगितलात तर तो घेईल. माझ्यासाठी म्हणून मागत नाही, असं लिहिणार होते. पण थोडं माझ्यासाठीही आहे. दिवसभर घरात कुणी हाक मारत नाही म्हणजे कसं असतं हे तुम्हाला जूनपासून माहीत असेल.

शनिवार मात्र एकही चुकला नाही. वचन पाठ झालं. रीफ नॉटची गाठ डोळे मिटून मारतो. स्कार्फ कोण बांधणार असं मिसनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, आजी. मिसनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, आजी येणार आहे.

हेमलता


२१ डिसेंबर १९६०

रविवारी संध्याकाळी तुमची गाडी सुटली. आज बुधवार. तुम्ही पोचलात का, एस.टी. वेळेवर मिळाली का, मास्तरांनी सामान नीट उतरवून घेतलं का, ते कळवा. माझ्या नावाने कळवलंत तरी चालेल.

हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं, मग मी कशाला लिहिते? त्यातलं निम्मं मला दिसलं नाही, म्हणून. जे ऐकलं ते लिहून ठेवते. तुम्ही पाहिलं असेल ते कधीतरी सांगा.

वचनाच्या वेळी मला दिसत होतं. तुम्ही खुर्चीवरून उठलात, त्याच्या गळ्यात स्कार्फ घातलात, आणि गाठ बसेपर्यंत तो मान खाली करून थांबला. मिसनी तुमच्यापुढे डावा हात केला. मी मनात म्हटलं, आता झालं. तुम्ही त्या हाताकडे पाहिलंत, त्याच्याकडे पाहिलंत, आणि दोन्ही हात जोडलेत. तो खुदकन हसला. त्याला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मग मिसनी शिट्टी वाजवून आयांना मधे बोलावलं. दरवर्षीचा खेळ होता. आयांनी डोळे बांधायचे, मुलांनी पांगायचं, नाव न घेता हाक मारायची आणि आईने आवाजावरून आपलं मूल शोधायचं. मी चटईवरच राहिले. सुतळी गुंडाळत होते. तेव्हा तुम्ही मागे वळून म्हणालात, "तुम्ही जावा की. मला हितं डोळं बांधून पळवनार हाय का?"

हे तुम्ही मला म्हणालात. माझ्याकडे बघून, मधे कुणी नसताना. जूनपासूनचं पहिलं वाक्य. मी उठले.

कुणीतरी माझे डोळे बांधले. हिंगाचा वास होता, तेव्हा कस्तुराबाईच असणार. म्हणाल्या, "तुमचं काय, सोपं आहे. बाकी समदी अम्मा. तुमचं एकटीचंच येगळं."

खरं होतं. कन्नड, तमिळ, तेलुगू, सगळ्यांची हाक एकच. शिट्टी झाली आणि चहूबाजूंनी नुसतं अम्मा, अम्मा. बायका एकमेकींवर आपटत होत्या. एकीने माझं मनगट पकडलं, चाचपलं, बांगड्या लागल्या तेव्हा किंचाळली. एकीने दुसरीचं मूल धरलं आणि ते मूल रडायला लागलं. मी ह्या सगळ्यात एक वेगळा शब्द ऐकायचा प्रयत्न करत होते. तो आला नाही.

मूल सापडलं की दोघांनी बाजूला जायचं होतं. त्यामुळे हाका कमी होत गेल्या. मग दोन राहिल्या. मग एक. मग तीही थांबली, आणि टाळ्या झाल्या, आणि टाळ्याही थांबल्या. रस्त्यावरून बैलगाडी गेली ती ऐकू आली. मी हात पुढे करून उभी होते. थोड्या वेळाने हात खाली घेतले. पट्टी काढावी असं वाटलं, पण काढली की संपलं. मिस शिट्टी वाजवत नव्हत्या.

मग तुमचा आवाज आला.

"आरं, हाक मार की! किती वेळ उभी करशील तिला?"

तो म्हणाला, "कुठली मारू?"

तेव्हा मला कळलं की तो माझ्या अगदी जवळ होता. हात लांबवला असता तर लागला असता.

"रोज मारतोस ती."

"रोज मारत नाही."

कस्तुराबाई सोडून तिथे कुणाला मराठी येत नव्हतं, पण सगळे गप्प होते. मी ऐकत होते. खुर्ची करकरली. तुम्ही उठलात की नुसत्याच हललात ते मला सांगा.

"मग आज मार. मी सांगितलेली मार. कानडीत धर नाहीतर मराठीत धर, तुझं तू बघ. मला इचारू नगंस."

मग शाळेत हजेरी द्यावी तसा, खालच्या आवाजात म्हणाला, "ताई."

त्याने ते कुठल्या भाषेत धरलं हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मी हात पुढे केला तो त्याच्या कानाला लागला. कानच धरला. दुसरं काही सापडेना. तो "आई गं" म्हणाला, पण ते कान दुखला म्हणून. लोकांनी फार टाळ्या वाजवल्या. मी पट्टी काढली तेव्हा तुम्ही पदराने चष्मा पुसत होतात, म्हणून तुमचा चेहरा मला दिसला नाही.

स्टेशनवर मी गाडी हलेपर्यंत वाट पाहत होते. तुम्ही त्याला विचारणार होतात. त्याच्यासाठी आलात. घरातून निघताना त्याचे कपडे मी घडी करून वरच ठेवले होते, तुम्ही ते पाहिलेत आणि बाहेर पडलात. खिडकीतून हात बाहेर काढून तुम्ही त्याला जे विचारलंत ते एवढंच होतं: "स्कार्फ लई आवळून न्हाई ना बांधला मी?" तो नाही म्हणाला. मग मला म्हणालात, "मे महिन्यात पाठवा सुट्टीला. आंबे असतात. शाळा उघडायच्या आत आणून सोडीन."

आणून सोडीन म्हणालात. गाडी हलली होती, तरी मी नीट ऐकलं.

परत येताना बसमध्ये तो माझ्या खांद्यावर झोपला. मला वाटलं होतं मी रडेन. तसं काही झालं नाही. भूक लागली होती. जूनपासून मला अशी भूक लागली नव्हती. घरी आल्यावर उरलेला भात परतून खाल्ला, पातेलं पुसून खाल्लं. ह्यांना पत्र लिहायला घेतलं आणि "सगळं ठीक आहे" एवढंच लिहून झोपले. ह्या आधीही प्रत्येक पत्रात तेच लिहीत आले होते. ह्या वेळी ते तसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशिरा उठला. शाळेची घाई झाली. वेलींवर धुकं होतं, कस्तुराबाई अंगण झाडत होत्या. तो दप्तर घेऊन गेला आणि कोपऱ्यावरून पळत परत आला. "डबा दिलाच नाहीस," म्हणाला. मी डबा दिला. तो गेला.

हेमलता